बाण आत नेणारे

"आणि हे सारखं मागे वळून काय बघता, बाबा? कोणी पाठीस लागलंय का?"

गुहेच्या तोंडाशी राहणारे हेमगिरी गोसावी चालत राहिले. गुहेत आत पुढे तीन वाटा फुटत होत्या. ते थांबले, आल्या वाटेकडे तोंड करून सावकाश बघून घेतलं आणि मग उताराच्या वाटेला लागले.

टिपणीस सर हसले. तीस वर्षं भूशास्त्र शिकवलेला माणूस. सहलीला आला, तरी व्याख्यान दिल्याशिवाय त्याला जेवण पचायचं नाही.

"वरचा लाव्हा थिजला, आतला वाहून गेला, मागे उरली ही नळी. यात गूढ काही नाही."

त्या उताराच्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी खडूनं बाण काढला. "खडू असला की माणूस चुकत नाही, बाबा."

"असेल."

गुहा संपली तिथून ते मागे फिरले.

"आता मी पुढे," सर म्हणाले.

"बरं."

पुन्हा वाटा फुटण्याची तीच जागा आली. सरांनी बॅटरी फिरवली. समोर तीन काळी तोंडं, एकावरही खूण नाही. त्यांचा बाण पाठीमागे होता आणि तो आतली वाट दाखवत होता.

"लाव्हा उताराला वाहतो," ते घाईनं म्हणाले. "म्हणजे बाहेरची वाट चढाची."

तिन्ही वाटा चढाच्याच होत्या.

हेमगिरी खाली बसले.

"एका वाटेत खड्डा आहे," ते म्हणाले. "टाकलेल्या दगडाचा आवाज येत नाही."

"कोणत्या?"

"तुम्ही पुढे आहात, मास्तर."

बॅटरी पिवळी पडत चालली होती. सर उजवीकडे दोन पावलं गेले, परत आले. मग मधल्या वाटेशी... तिथूनही परतले. त्यांची पाचावर धारण बसली. ज्यानं या दगडांचं वय घडाघडा सांगावं, त्याला बाहेरचं ऊन कुठल्या बाजूला आहे हे कळेना.

"बाबा, थट्टा पुरे. बॅटरी गेली तर तुम्हीही मराल."

"हो."

"मग बोला ना..."

हेमगिरी बसून राहिले.

सरांनी बॅटरी हलवून पाहिली; उजेड वाढला नाही.

"मला माहीत नाही," ते म्हणाले. तीस वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. "मला वाट माहीत नाही, बाबा. तुम्ही न्या."

हेमगिरी लगेच उठले आणि डावीकडच्या वाटेत शिरले. सर त्यांच्या छाटीचं टोक धरून चालले.

थोड्या वेळानं भिंतीवर उजेड दिसला. सहलीच्या मंडळींचं बोलणं, डबे उघडल्याचे आवाज ऐकू येऊ लागले. सरांनी छाटी सोडली, बाह्या झटकल्या, चष्मा पुसला.

"तसा माझाही अंदाज डावीकडचाच होता," ते म्हणाले.

हेमगिरी थांबले. गुहेचं तोंड दहा पावलांवर होतं, दोघांच्याही अंगावर ऊन पडलं होतं. त्यांनी हात आडवा धरून सरांची वाट अडवली.

"बसा, मास्तर. आपण अजून आतच आहोत."