हंड्यातला चोर

राजा झुंजाररावांच्या लाडक्या तांब्याच्या हंड्याला बुडाशी वाटाण्याएवढं भोक पडलं, आणि कातळगडावर एकच हलकल्लोळ माजला!

"चोरी!" महाराज गरजले. "आतून तांबं खरवडून नेलंय कुणीतरी! या हंड्यात हात घालतं कोण?"

हात घालणारी एकच. भांडी घासणारी रखमा. तिला धरून दरबारात उभं केलं.

"महाराज, मी राखेनं घासते हो, दातांनी नाही!"

"ते मला सांगू नकोस! दिवस मावळायच्या आत चोर दाखव आणि चोरलेलं तांबं माझ्यापुढं ठेव. नाहीतर राज्याच्या हद्दीबाहेर चालती हो!"

आता त्या हंड्याचं असं होतं, बरं का. हंडा महाराजांच्या आजोबांचा. आतून बाहेरून लालबुंद. तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवायचं तर आतून कल्हई हवी, नाहीतर कळकतं, हे गडावरच्या मांजरालाही ठाऊक. पण कल्हईवाला दारात आला की महाराज भडकायचे. "माझ्या लाल हंड्याला पांढरं तोंड? पुन्हा गडावर दिसलास तर तुझ्याच तोंडाला कल्हई करीन!" तो बिचारा भाता काखेत मारून पळाला, तो परत फिरकलाच नाही. आणि पुढच्याच उन्हाळ्यात महाराजांनी हुकूम सोडला, खारातल्या कैऱ्या याच हंड्यात घाला! मीठ, पाणी, कैऱ्या, वर झाकण. पावसाळा सरला, थंडी सरली. झाकण उघडलं तर आत पाणी हिरवंनिळं, आणि खाली टप टप टप!

उरलंसुरलं पाणी दरबारासमोरच्या दगडी डोणीत काढलं होतं. शिपाई ते फेकायला निघाले, तोच रखमाची सून तानी पदर खोचून धावत आली.

"फेकू नका! चोर पळेल!"

"काय गं," महाराज म्हणाले, "चोर त्यात पोहतोय का?"

"पोहत नाही महाराज, ते पाणीच चोर! तुमचं तांबं त्याच्या पोटात आहे."

रखमानं कपाळावर हात मारला. "तानी, गप बस! हद्दीबाहेर मी एकटी गेले असते, आता तू पण चल!"

"आत्याबाई, तुमची विळी द्या बघू."

"पोटात आहे तर काढून दाखव!" महाराज हट्टाला पेटले. "आटवायचं नाही, गाळायचं नाही, आणि मंत्र तर मुळीच म्हणायचा नाही!"

प्रधानजींना राहवेना. त्यांनी आपला चांदीचा चमचा पाण्यात बुडवला, हलवला, बाहेर काढला. जसाच्या तसा!

"चांदीला नाही भीत तो, प्रधानजी," तानी म्हणाली. तिनं विळीचं लोखंडी पातं राखेनं घासून लख्ख केलं आणि पाण्यात सोडलं. दरबार माना लांब करून बघू लागला. प्रधानजींची पगडी डोणीत पडता पडता वाचली. जरा वेळानं तानीनं पातं वर काढलं.

लाल! तांब्यासारखं लालेलाल!

"अगं बाई, माझी विळी!" रखमा किंचाळली.

महाराज सिंहासनावरून उडी मारून खाली आले आणि त्यांनी कमरेची कट्यार बुडवली. लाल! मग काय विचारता! शिपायांनी भाले बुडवले, आचाऱ्यानं सांडशी बुडवली, नालबंद घोड्याचा नाल घेऊन आला, आणि नालामागून घोडाही आला! जो तो आपापलं लाल लोखंड नाचवत सुटला.

"पण चोरानं माल सोडला कसा?" महाराजांनी धापा टाकत विचारलं.

"महाराज, पंगतीत पाव्हणा बसलाय आणि जावई आला, तर काय होतं?"

"पाव्हण्याला उठवतात!"

"तसंच! लोखंड पाण्यात जाऊन बसलं, तांब्याला उठून बाहेर यावं लागलं."

"मग आता लोखंड बसलंय, तिथं तांबं बुडवलं तर?"

"जावयाला उठवायची पाव्हण्याची छाती आहे का, महाराज?"

महाराजांनी तरीही करून पाहिलं. विळीचं पातं आणि नाल त्यात कितीतरी वेळ ठेवले, पाण्याचा निळा रंग पार उतरला, तेव्हा तांब्याची पळी बुडवली. कितीही ढवळली, तरी पळी ती पळीच! लोखंड काही अंगाला लागेना.

"शाब्बास! चोर सापडला, मालही सापडला. रखमा सुटली!" महाराजांनी मिशीला पीळ भरला. "पण या आंबट चोराला घरात घेतलं कुणी? कल्हईचा पहारा उठवला कुणी? चोराचा साथीदार कोण ते सांग, आत्ताच्या आत्ता त्याला हद्दीबाहेर घालवतो!"

प्रधानजी खोकू लागले. रखमानं सुनेचा पदर ओढला.

तानीनं हात जोडले. "घालवा महाराज. पण मग आम्ही नवा राजा कुठून आणायचा?"

महाराजांचा हात मिशीवरच राहिला. मग पोट हललं, खांदे हलले, आणि ते असे हसले, असे हसले, की त्यांना डोणीच्या काठावर बसावं लागलं!

तानीला शालू, हातात सोन्याच्या पाटल्या आणि राजवाड्यातल्या सगळ्या भांड्यांचा कारभार मिळाला. महाराजांनासुद्धा 'नाही' म्हणायच्या हक्कासकट! रखमाला चांदीच्या पाटाची नवी विळी मिळाली. आणि कल्हईवाल्याला आणायला महाराजांनी स्वतःची पालखी धाडली.

पालखी दारात टेकली. पण आतला माणूस उतरेचना. तोंडाला घट्ट उपरणं गुंडाळून त्यानं पडद्याआडून विचारलं, "महाराज, कल्हई नक्की हंड्यालाच करायची ना?"