डोक्याच्या वरचा टब

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा बरं... डोळ्यावर, की डोळ्याला लावलेल्या काचेवर?

मी काचेचा व्यापारी. जयसिंगपुरात फोटोंना फ्रेमा करून देतो. शाळा अर्ध्यात सुटली, पुढचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. एकदा एकजण वडिलांचा फोटो घेऊन आला. म्हणाला, अण्णा, काच बदला, वडील रागावल्यासारखे दिसतात. मी बदलली. वडील तसेच.

पण वरचा प्रश्न माझा नव्हे. दस्तगीर उस्तादांचा. सुदर्शन मगदूमला त्यांनी तो विचारला तेव्हा मी शेजारी चिंचेखाली बसलो होतो.

उस्ताद एकेकाळी आमच्या गावचे फोटोग्राफर. अर्ध्या गावाची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली. नजर मंदावली तसा स्टुडिओ शिष्याला दिला आणि गावाबाहेरच्या दर्ग्यात येऊन बसले. आता अंगण झाडतात, वाटसरूंसाठी रांजण भरतात. लोक फकीरबाबा म्हणतात.

शिष्य म्हणजे हा सुदर्शन. लग्नं सोडून तो केव्हाच पुढं गेला होता. पेपरात नाव, गळ्यात भारी कॅमेरा. दुसऱ्या दिवशी कोल्हापुरात त्याचं प्रदर्शन होतं. नाव ‘ओझं’. रोजच्या जगण्यात माणसानं काय काय लादून घेतलंय, त्याचे फोटो. फ्रेमा माझ्या. टेम्पोत भरून निघालो, तर म्हणाला, वाटेत उस्तादांना दाखवू, फीत कापायला त्यांनाच घेऊन जाऊ.

“काचेवर,” सुदर्शन म्हणाला. “डोळा विसरतो उस्ताद. काच विसरत नाही. तुम्हीच शिकवलंत.”

“मी बरंच चुकीचं शिकवलंय... दाखव.”

मी एकेक फ्रेम उतरवून देत गेलो. उस्ताद काचेला नाक लावून बघायचे.

दप्तराच्या भारानं मागं कललेली पोरं. वायरींनी भरून वाकलेला खांब. कडेवर मूल, मान वाकडी करून खांद्याशी दाबलेला फोन आणि एका हातानं शिट्टी देणारा कुकर उतरवणारी बाई.

“ही हसते का?”

“फोनवर साहेब होते तिचे.”

“हं... हसावंच लागतं.”

सुदर्शन खूश होता. म्हणाला, “मी कुणाच्या ओझ्याला हात लावत नाही, उस्ताद. आहे तसं टिपतो.”

उस्तादांनी पुढची फ्रेम मागितली.

मग मुख्य फोटो आला. सगळ्यांत मोठी फ्रेम, काच मी निवडून लावलेली.

एक मोपेड. पुढं, मागं, दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा माल. बादल्या, मग, गाळण्या, झाडू, पोरांना बसवायच्या खुर्च्या. मधे कुठंतरी एक तोंड. आणि डोक्याच्याही वर एक मोठा लाल टब.

“याला पहिला नंबर मिळाला,” सुदर्शन म्हणाला. “परीक्षकांनी लिहिलंय, ओझ्याखाली माणूस दिसेनासा झालाय.”

“दिसतोय की. यल्लाप्पा आहे हा.”

“ओळखता?”

“गुरुवारी इथं थांबायचा. पाणी प्यायचा. मला म्हणायचा, बाबा, एक बादली घ्या की. ठेवायला काही नसलं तर रिकामी ठेवा.”

“येत नाही आता?”

“नाही.”

उस्तादांनी हात लुंगीला पुसला. मग तळवा काचेवर ठेवला. लाल टब झाकला गेला.

“आता बघ.”

सुदर्शन वाकला. “फोटो पडला. जीवच गेला त्यातला. हा तर... रोजचा यल्लाप्पा.”

“रोजचा.”



इथं एक सांगायला हवं. गाडीवरून माल विकणाऱ्यांचा एक नेम असतो. ढीग डोक्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. अंगाआड असतो तोवर वारा फारसा लागत नाही. वर गेला की वाऱ्याला धरायला जागा मिळते. प्लॅस्टिक हलकं, म्हणून जास्त वाईट. मी काच नेतो, मला हे ठाऊक. आणि आमच्याकडं तर कृष्णेचा पूल ओलांडल्याशिवाय बाजार नाही.

“वरचा टब कुणाचा?” उस्तादांनी विचारलं. तळवा तिथंच.

“त्याचाच. त्याच्या मालातला.”

“ठेवला कुणी?”

सुदर्शननं माझ्याकडं पाहिलं. मी चिंचेकडं.

“मी म्हटलं त्याला, अजून एक ठेव. त्याशिवाय ओझं दिसत नव्हतं, उस्ताद. फोटोपुरतंच. तो हसला. म्हणाला, साहेब, एवढ्यानं काय होतंय.”

“मग?”

“मग काढला असेल.”

“बघितलंस?”

“...उजेड चालला होता. मला पुढं जायचं होतं.”

दर्ग्यात कुणीतरी ऊद घातला होता. धूर आमच्यापर्यंत आला.

“नाही काढला,” उस्ताद म्हणाले. “त्यानंतरच्या गुरुवारी आला तेव्हा टब वरच होता. मी म्हटलं, यल्लाप्पा, नेम मोडलास. तर म्हणतो, फोटोवाल्या साहेबांनी दाखवलं की, बसतोय अजून एक. इतकी वर्षं मी उगाच कमी नेत होतो.”

“तुम्ही काढायला सांगायचं.”

“सांगितलं. माझ्यासमोर काढला. फाटकाबाहेर जाऊन परत ठेवला... दिसलं नाही. आवाज आला.”

सुदर्शन उकिडवा बसला होता, तो खाली टेकला.

“पुलावर?” त्यानं विचारलं.

“पुलावर. वाऱ्यानं टब धरला, टबानं गाडी ओढली. मागून उसाचा ट्रॅक्टर येत होता.”

“आहे का... यल्लाप्पा?”

“आहे. कमरेखालचं काही हलत नाही. बायको कूस बदलून देते, मग दुसऱ्यांच्या घरी धुण्याला जाते, मग येऊन परत कूस बदलते.”

मी आयुष्यात पुष्कळ मयतांचे फोटो फ्रेम केले. हार घालायला खिळा कुठं मारायचा तेही सांगतो. त्या क्षणी मी फ्रेमेची दोरी उगाच आवळत बसलो.

“मला कुणी कळवलं नाही,” सुदर्शन म्हणाला. आवाज अगदी पोराचा.

“तुझा नंबर नव्हता त्याच्याकडं. फोटोवाले साहेब म्हणजे तू, हे मलाही आज कळलं. मी गेलो की तुझंच विचारतो.”

“शिव्या देत असेल.”

“नाही. फोटो कसा आला, विचारतो.”

...

रांजणावर एक चिमणी बसली होती, ती पाणी न पिता उडाली.

एकाएकी सुदर्शननं फ्रेम ओढली आणि मागचे खिळे नखांनी उचकटायला लागला. “नाही लावत हा. फाडतो. नंबर परत करतो.”

काच फुटेल म्हणून मी हात घातला. धंद्याची सवय, दुसरं काय.

“राहू दे,” उस्ताद म्हणाले. “फोटो चांगला आहे.”

“चांगला? उस्ताद, तुम्ही थट्टा करताय.”

“मी आयुष्यात असा काढला नाही.”

“मग उद्या लावू?”

उस्तादांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मला कळलं नाही.

“फाडू नको, लावू नको... मग मी करू काय याचं?”

काचेवर टबाच्या जागी उस्तादांच्या तळव्याचा ओला ठसा उमटला होता. मी खिशातलं फडकं काढून पुसायला गेलो. त्यांनी माझं मनगट धरलं.

“असू दे, अण्णा.”

मग सुदर्शनकडं वळले. ओरडले नाहीत. मंद डोळ्यांनी त्याचा चेहरा शोधत राहिले, सापडला तिथं थांबले.

“यल्लाप्पाकडं घेऊन जा. उशाशी बस. तो एकेक वस्तू बोटानं दाखवत जाईल, हे माझं, हे माझं म्हणून. वरचा टबसुद्धा तो स्वतःच्याच नावावर धरतोय... तू हिशेब खरा ठेव.”