बहुरूप्यानं बसायचं ठरवलं

फार मागची गोष्ट आहे. नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात एक बहुरूपी राहत होता.

बहुरूपी म्हणजे सोंगं घेणारा माणूस. आज कोतवाल, उद्या वैद्य, परवा माहेरी निघालेली सासुरवाशीण. हा बहुरूपी त्यात फार तरबेज होता. कोतवाल होऊन तो दारात उभा राहिला, मिशीला पीळ दिला आणि ओरडला, "तुमची म्हैस काल सरकारी परवानगीशिवाय हंबरली! चला चावडीवर!" की घरातली माणसं आधी दचकायची आणि मग पोट धरून हसायची.

वर्षातून एकदा तो आपल्या गावात सात दिवस खेळ करायचा. सहा दिवस सहा सोंगं. सातव्या दिवशी मात्र रीत अशी, की तोंड स्वच्छ धुवायचं, घरचे कपडे घालायचे आणि बिनसोंगाचं दारोदार जाऊन सांगायचं, "कोतवाल तो मीच, वैद्य तो मीच." मग लोक शाबासकी द्यायचे आणि सूपभर दाणे झोळीत घालायचे.

त्या वर्षी सातव्या दिवशी तो असाच निघाला. पहिल्याच दारात एक आजोबा सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "वा रे पठ्ठ्या! आज गरिबाचं सोंग वाटतं?"

"नाही हो, आजोबा. आज सोंग नाही. आज मी मीच आहे."

"ऐका, ऐका! आवाजसुद्धा कसा पडेल काढलाय बघा!"

पुढच्या दारातली बाई म्हणाली, "खांदे तर असे पाडलेत, की खरंच वाटावं."

बहुरूपी हसला. हसता हसता त्याच्या ध्यानात आलं, की हे हसू वैद्याचं आहे. तो निघाला, तर पाऊल सासुरवाशिणीसारखं जपून पडत होतं. आपण आपले कसे चालतो, हे आठवायला तो रस्त्यात थांबला. पण त्याला काही आठवेना.

तो विचार करत गावाबाहेरच्या विहिरीपाशी आला. त्या विहिरीला कठडा नव्हता. तिथे त्याची पाच वर्षांची मुलगी, बकुळी, अगदी काठावर उभी राहून आतलं कासव बघत होती.

बापाच्या काळजात धस्स झालं. हळूच हाक मारावी, 'बकुळे, बाळा, इकडे ये' म्हणावं, म्हणून त्यानं तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "खबरदार! जागची हलशील तर!"

ती कोतवालाची डरकाळी होती.

पोर दचकली. वळून बघते तर लाल डोळ्यांचा कुणीतरी धावत येतोय. घाबरून ती एक पाऊल मागं सरली. मागं विहीर होती.

जवळच एक म्हातारी कुंभारीण चिखलासाठी पाणी भरत होती. तिनं घागर टाकली आणि पोरीचा दंड धरून तिला ओढून घेतलं. घागर फुटली. पोर वाचली.

पण त्या दिवसापासून बकुळी बापाजवळ जाईना. तो जेवायला बसला की ती आईच्या पाठीमागं बसायची. त्यानं हात पुढं केला, की हाताकडं न बघता तोंडाकडं बघायची. हे कोण आहे, म्हणून. त्यानं माकड होऊन दाखवलं, मोर होऊन दाखवलं. पोर रडायला लागली.

बायको म्हणाली, "अहो, पुरे करा. तिला माकड नको न् मोर नको. तिला बाप हवाय."

"मग मी कोण आहे?"

बायकोनं चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी बहुरूपी कुंभारणीकडं गेला. ती मातीत पाय घालून तुडवत होती. तो म्हणाला, "आजी, तुम्ही माझी लेक वाचवलीत. पण माझा आवाज हरवलाय. मी बापाचा आवाज काढायला गेलो आणि कोतवाल बोलला. आता माझ्यात मी उरलोय की नाही, तेच कळत नाही."

म्हातारीनं त्याच्याकडं नीट पाहिलं. मग कोपऱ्यातल्या ओल्या गोणपाटाखालचा ढीग दाखवला. "ती माती बघितलीस? आणल्या दिवशीच चाकावर घेतली तर मडकं तडकतं. तिला मुरू द्यावं लागतं. तू जन्मभर चाकावर आहेस, लेकरा. आज माकड, उद्या मोर. मुरलास कधी?"

"मग काय करू?"

"रोज सकाळी इथं येऊन बस."

"बसून काय करू?"

"बसायचं. श्वास येईल, जाईल. येऊ दे, जाऊ दे."

"मंत्र कोणता म्हणू?"

"मला अक्षर येत नाही. मंत्र कुठला सांगू तुला?"

"किती दिवस बसावं लागेल?"

"मातीनं हे कधी विचारलं नाही मला," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा तुडवायला लागली.

बहुरूप्यानं मनाशी गाठ बांधली. लेक आपल्या पायांनी जवळ येईल असा बाप मी होईन. तोवर उठणार नाही.

तो दुसऱ्या दिवशी येऊन ओसरीवर बसला. पण बसला कसा? मांडी कमळासारखी, मान तोलून धरलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठांवर पुसटसं हसू. अगदी देवळातल्या भिंतीवरच्या ऋषीसारखा.

रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली आणि हात जोडून गेली. दुसऱ्या दिवशी दोघीजणी फुलं ठेवून गेल्या. चौथ्या दिवशी नारळ आले. आठव्या दिवशी कुंभारणीच्या ओसरीपुढं एवढी गर्दी झाली, की तिच्या वाळत घातलेल्या पणत्या पायाखाली आल्या.

"अगं आई! तुडवल्या माझ्या पणत्या!" म्हातारी ओरडली. "देव बघायला येता का पणत्या फोडायला?"

गावचे पाटील स्वतः आले. ते वाकून म्हणाले, "महाराज, आम्ही तुम्हाला ओळखलं नाही. टेकडीवर मठ बांधतो. तुम्ही नुसतं तिथं बसायचं. तुमच्या घरच्यांची काळजी गावाला."

बहुरूप्याला बरं वाटलं. असा मान त्याला राजाच्या सोंगातही मिळाला नव्हता. तो पाटलांना 'हो' म्हणणार, इतक्यात गर्दीतून त्याची बायको पुढं आली. तिच्या हाताला बकुळी होती. पोर आज रडत नव्हती. ती सरळ चालत आली. बापाचा जीव सुपाएवढा झाला.

जवळ येऊन पोरीनं दोन्ही हात जोडले, त्याच्या पायांवर डोकं टेकवलं आणि आईनं शिकवल्यासारखं म्हणाली, "नमस्कार महाराज. मला बुद्धी द्या."

आणि मागं सरून, परक्या माणसाकडं बघावं तशी ती त्याच्याकडं बघत उभी राहिली.

बहुरूप्याच्या ओठांवरचं पुसटसं हसू जाग्यावरच वाळलं. लेक जवळ आली होती. पण बापाजवळ नाही, महाराजांजवळ. आता 'हो' म्हटलं, तर जन्मभर ती अशीच येईल आणि असाच नमस्कार करून जाईल.

त्यानं कमळासारखी मांडी सोडली. पायाला मुंग्या आल्या होत्या, त्यामुळं उठताना तो धडपडला.

"पाटील, मठ बांधू नका," तो म्हणाला. "हे सोंग आहे. मी महाराज नाही. मला ध्यानही येत नाही. मी फक्त ध्यान करणाऱ्यासारखा दिसत होतो."

कुणी हसलं, कुणी चिडलं. "देवाधर्माची थट्टा करतोस?" पाटील लाल होऊन निघून गेले. सुपारीवाले आजोबा पुढं आले आणि आपला नारळ शोधून परत घेऊन गेले. "फोडला नव्हता, म्हणून बरं," ते म्हणाले.

ओसरी रिकामी झाली. म्हातारी मोडक्या पणत्या गोळा करत होती. बहुरूपी मान खाली घालून तिच्याजवळ गेला.

"आजी, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

"कळलं होतं की. तुझं सगळ्यात झकास सोंग झालं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"मी सांगितलं असतं, तर तू लगेच सोंग न घेणाऱ्या माणसाचं सोंग घेतलं असतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा आला. या वेळी ओसरीवर नाही, मागच्या छपरात, जिथं फुटकी मडकी रचून ठेवलेली असतात तिथं बसला. समोर बघायला कुणी नव्हतं. कुणी बघत नसताना बसायची त्याला सवयच नव्हती. हात कुठं ठेवायचे ते कळेना. गुडघा ठणकायचा, माशी नाकावर बसायची. घटका घटका जाता जायची नाही.

आणि मग सोंगं यायला लागली. कोतवाल आला, म्हणाला, "ऊठ! काय चालवलंय हे?" सासुरवाशीण आली, मुसमुसून रडली. वैद्यानं दहा औषधं सांगितली. सगळ्यात चिवट होते महाराज. ते रोज यायचे आणि कानात सांगायचे, "आज मात्र तू छान बसलास हं."

बहुरूपी त्यांना हाकलायचा. एकाला हाकललं की दुसरा हजर. एक दिवस घामाघूम होऊन तो म्हातारीला म्हणाला, "आजी, जात नाहीत हो ही मंडळी. मी दम देऊन देऊन थकलो."

"दम कोण देतो?"

तो विचारात पडला. "कोतवालच की!"

"मग? हाकलू नकोस. चहापाणीही करू नकोस. तू बसलेला राहा."

तो बसलेला राहिला. थंडी सरली, पळस फुलला, झडला. गावानं टोमणे मारले. "महाराज, मडक्यांना उपदेश संपला का?" असं पोरंटोरं विचारायची. एखाद्या सकाळी वाटायचं, नको जायला. तरी पाय उचलायचा आणि जायचा. लेकीचं परक्यासारखं बघणं त्याला आठवायचं आणि गुडघा ठणकला तरी तो हलायचा नाही.

एका सकाळी नेहमीसारखाच कोतवाल आला. बहुरूप्यानं त्याला येताना पाहिलं. कोतवाल ओरडला, दमला, गेला. सासुरवाशीण आली, रडली, गेली. महाराज आले, थोडे रेंगाळले, तेही गेले. मग बराच वेळ कुणीच आलं नाही. छपरात ऊन उतरलं होतं. श्वास येत होता, जात होता.

आणि त्याच्या सहज लक्षात आलं: हे सगळे आले आणि गेले, पण ज्यानं त्यांना येता-जाताना पाहिलं, तो कुठंच गेलेला नाही. तो कोतवालाच्या मिशीमागंही होता. सासुरवाशिणीच्या पदराआडही तोच होता. त्याला कधी रंग लागला नाही आणि कधी धुवावाही लागला नाही. त्याला स्वतःचा असा चेहरा नव्हता; म्हणून तर सगळे चेहरे त्याला बसत होते. विहिरीच्या काठावर ज्याचं काळीज हललं, तो तोच होता. कोतवालाच्या आवाजात ओरडला, तरी भीती बापाचीच होती.

त्याला रडू आलं. कुणाच्याही ढबीचं नव्हतं ते. नाक वाहिलं, ते त्यानं बाहीला पुसलं.

थोड्या वेळानं तो उठून पुढं आला. "आजी, थोडं पाणी देता?"

म्हातारीनं तांब्या पुढं केला. ती त्याच्याकडं बघून म्हणाली, "आज तू बोललास बघ." मग पुन्हा मातीत पाय घालून म्हणाली, "उद्याही ये. एकदा मुरली म्हणून माती कायमची मुरत नाही. पाणी मारत राहावं लागतं."

तो रोज जात राहिला. घरी त्यानं लेकीला बोलावलं नाही, काही होऊनही दाखवलं नाही. तो लाकडं फोडायचा, दोर वळायचा, जेवायचा. बकुळी आधी आईच्या मागून बघायची. मग शेजारी बसून बघायला लागली. पण हात काही धरला नाही.

चैत्रात गावची जत्रा भरली. पोट भरायचं तर सोंग घ्यायला हवंच. बहुरूप्यानं वाघ घ्यायचा ठरवला. अंगभर पिवळे-काळे पट्टे ओढले, लाकडी नखं बांधली, कागदाच्या लगद्याचा केवढा तरी मोठा मुखवटा चढवला आणि बाजाराच्या मधोमध अशी डरकाळी फोडली, की बैल दावी तोडायला लागले. मोठी मोठी पोरं पळाली. एक पहिलवान गाडीवर चढून बसला आणि मग 'मी वरून जत्रा बघतोय' म्हणाला.

सगळे मागं सरत होते. तेवढ्यात बायका-माणसांच्या पायांमधून वाट काढत बकुळी एकटीच पुढं आली. ती लंगडत होती. आई मागून "अगं, थांब!" म्हणत होती. पोर सरळ वाघापाशी गेली आणि तिनं त्याचा पंजा धरला.

"बाबा, माझ्या पायात काटा गेलाय. काढ ना."

वाघ तिथंच धुळीत मांडी घालून बसला. दोर ओढून त्यानं नखं सोडली. लेकीचं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्या भल्यामोठ्या मुखवट्यातून वाकून वाकून बघत काटा शोधायला लागला. सगळी जत्रा उभी राहून बघत होती.

आई धापा टाकत आली. "अगं, एवढ्या मोठ्या वाघाला भ्याली नाहीस? कसं ओळखलंस?"

"ओळखायचं काय त्यात?" बकुळी म्हणाली. "आई गं! बाबा, हळू!"

बाळांनो, या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: सोंगं टाकून पळायचं नसतं आणि सोंग म्हणजेच आपण, असंही समजायचं नसतं, रोज थोडा वेळ साधं, नेटानं बसावं, म्हणजे सगळ्या सोंगांमागं जो कधीच कुठं गेलेला नसतो तो आपला आपल्याला सापडतो, आणि मग आपल्या माणसांनाही आपण कुठल्याही रूपात सापडतो.