काळ्या गाडीचं पॉलिश

यंत्रं कामाला लागण्याआधी गिऱ्हाइकाची परवानगी घेत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका गॅरेजात एक काळी गाडी पॉलिशसाठी आली. बारा वर्षांच्या उन्हाने तिचा रंग विटला होता.

तिथे पॉलिशची दोन यंत्रं होती. एक जोरात गरगर फिरायचं. "तासाभरात आरसा करतो," ते म्हणालं. दुसरं डुलत डुलत फिरायचं. "मला अख्खा दिवस लागेल," ते म्हणालं.

गाडीने शेजारच्या पांढऱ्या जीपला विचारलं. "मी गरगऱ्याकडूनच करून घेतलं," जीप म्हणाली. "एक ओरखडा दिसत नाही बघ!"

गाडीने गरगऱ्याला बॉनेट दिलं. छपराखाली ते खरंच लखलखलं. गाडी हरखून अंगणात आली आणि उन्हात बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं उमटलेली दिसली. पांढऱ्यावर जे लपतं, ते काळ्यावर लपत नाही, हे जीपला कधी कळलंच नव्हतं.

"सावलीत उभी राहत जा की," गरगऱ्या म्हणाला.

"मी गाडी आहे, दादा. कपाट नाही."

मग ती डुलणाऱ्याकडे वळली. "हे निघेल का?"

"निघेल. पण नुसत्या बॉनेटलाच संध्याकाळ होईल."

"होऊ दे," गाडी म्हणाली आणि तिने हँडब्रेक ओढला.