विसरण्याची परीक्षा

सोनवळच्या मानाजीराव महाराजांनी वैद्यकाच्या वर्गातल्या एका मुलीला हुकूम फर्मावला, की जे शिकलीस ते विसर! येत्या पौर्णिमेला भर दरबारात विसरून दाखव, नाहीतर महाविद्यालयातून तुझं नाव काढतो, मग बस घरी मागावर.

मुलीचं नाव अंबू, बाप कोष्टी. अख्ख्या कोष्टीआळीतून महाविद्यालयात पोचलेली ही पहिलीच. तिला वैद्य व्हायचं होतं, आणि नाव निघालं की ते स्वप्न कायमचं गुंडाळावं लागणार होतं.

आता तिचा गुन्हा काय? तर तिला उत्तर आलं. झालं असं, की महाराज महाविद्यालय बघायला आले आणि ज्योतिषाच्या वर्गाला त्यांनी विचारलं, पुढचं चंद्रग्रहण केव्हा? महाराजांना समोर बघून पोरांची वाचाच बसली. तेवढ्यात शेजारच्या वैद्यकाच्या वर्गातून अंबूने दारातूनच तिथी सांगून टाकली, आणि ती बरोबर निघाली. कोणी शिकवलं म्हणून विचारलं, तर ही भाबडी खरं बोलली. खानावळीत पान वाढेपर्यंत सगळ्या वर्गांची मुलं एकत्र बसतात, आपापली टिपणं एकमेकांना देतात, समजावतात. ज्योतिषातल्या दिगूने तिला ग्रहणं शिकवली, तिने त्याला नाडी बघायला शिकवली.

दुसरा एखादा राजा खूश झाला असता. पण ज्योतिषाचे आचार्य धुंडिराजशास्त्री यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपलं शास्त्र आमटीची वाट बघता बघता कोणीही शिकतं म्हणजे काय! त्यांनी महाराजांचे कान भरले, आणि महाराजांनी एकदा मान डोलावली की ती मान पुन्हा आडवी हलत नसे. माझ्या राज्यात शिंपी कोणाची दाढी करत नाही, मग वैद्याने आकाशात कशाला बघायचं, असं म्हणून त्यांनी गावभर दवंडी पिटवली. ज्या विषयात ज्याचं नाव, तेवढंच त्याने जाणावं. जास्तीचं जो जाणत असेल त्याने ते विसरावं, मग तो कोणी का असेना!

वसतिगृहातली मुलं अंबूला धीर द्यायला आली. विसरण्यात काय मोठंसं, आम्हाला तर परीक्षेच्या दिवशी ते आपोआप जमतं, असं एकजण म्हणाला. अंबूला हसू आलं नाही. जितकं विसरायला जावं तितकं ते ग्रहण डोक्यात घट्ट बसत होतं. पौर्णिमेच्या सकाळी मात्र ती वेणीफणी करून, चांगली पोटभर जेवून दरबारात हजर झाली.

महाराजांनी विचारलं, "काय गं, विसरलीस?"

"विसरले, महाराज. पण सगळं विसरले की नाही, ते माझं मला कसं कळणार? डोक्यात जे काही उरलंय ते बोलून दाखवते. शास्त्रीबुवांनी खात्री करून घ्यावी."

हे महाराजांना रास्त वाटलं. शास्त्रीबुवा ऐटीत पुढे सरसावले. अंबूने हात जोडले आणि सुरुवात केली. म्हणाली, चंद्रग्रहण लागतं अमावास्येला. शास्त्रीबुवांच्या भुवया वर गेल्या, पण ते गप्प राहिले. मुलगी विसरली होती, म्हणजे जिंकले तेच होते. अंबू पुढे म्हणाली, त्या दिवशी चंद्रावर सूर्याची सावली पडते.

"सूर्याची सावली?" शास्त्रीबुवा कडाडले. "अगं, सूर्याची कधी सावली पडते का?"

तीस वर्षं शिकवलेला माणूस तो. एक चूक त्यांनी कशीबशी गिळली होती, पण लागोपाठ दुसरीही न सुधारता सोडून द्यायची, हे त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी समई पुढे ओढली, हा सूर्य. पूजेच्या तबकातला नारळ उचलला, ही पृथ्वी. लिंबू घेतलं, हा चंद्र. बघ नीट, पौर्णिमेला पृथ्वी मधे येते आणि तिची सावली या लिंबावर पडते! दरबारातली मंडळी माना उंचावून बघू लागली. भालदारसुद्धा काठी भिंतीला टेकवून जवळ आला.

महाराज सिंहासनावरून पुढे वाकले. "मग शास्त्रीबुवा, दर पौर्णिमेला ग्रहण का लागत नाही?"

असली शंका त्यांच्या वर्गात आजवर कोणी काढली नव्हती. शास्त्रीबुवांना गहिवरून आलं. चंद्राची वाट जरा तिरकी असते, म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाहीतर खालून निसटतो, हे त्यांनी लिंबू फिरवून फिरवून दाखवलं. महाराजांना राहवेना. ते खाली उतरले, लिंबू स्वतःच्या हातात घेतलं आणि नारळाभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"अरे, खरंच की!"

"नीट कळलं ना, महाराज?" अंबूने विचारलं.

"अगदी लख्ख कळलं!"

"मग हे आपण कधी विसरणार?"

महाराजांचा लिंबाचा हात तसाच वर राहिला.

अंबू नम्रपणे म्हणाली, "आपलं नाव ज्योतिषाच्या वर्गात नाही. प्रधानजींचं नाही, भालदारकाकांचंही नाही. हुकूम तर सगळ्यांना आहे. आपण आधी विसरून दाखवा, महाराज. कसं विसरायचं ते बघून मी लगेच मागोमाग विसरते."

धुंडिराजशास्त्र्यांनी नारळ हळूच तबकात ठेवून दिला. महाराज एकदा लिंबाकडे बघत होते, एकदा अंबूकडे. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, आणि ते असे खो खो हसत सुटले की हातातलं लिंबू निसटून प्रधानजींच्या पायाशी घरंगळत गेलं.

डोळे पुसत ते म्हणाले, "माग पोरी, काय हवं ते माग."

"हुकूम मागे घ्यावा, महाराज."

"तो तर माझ्यासाठीच घ्यावा लागेल. तुझ्यासाठी काहीतरी माग!"

अंबूने मागितलं, की कोणत्याही वर्गात कोणीही येऊन बसावं, नाव कुठल्याही विषयात असो. महाराजांनी तिथल्या तिथे हो म्हटलं, अंगावरचा भरजरी शेला काढून तिच्या खांद्यावर घातला आणि तिचं वैद्यकाचं शिक्षण पुरं होईपर्यंतचा सगळा खर्च दरबाराकडे घेतला. मग ते शास्त्रीबुवांकडे वळले आणि उद्या वर्ग किती वाजता भरतो म्हणून विचारू लागले, कारण सूर्यग्रहणाचं त्यांना अजून काहीच कळलं नव्हतं.