रवळू मेस्त्रीची लंगडी गोळी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा किंजळवड्याला रस्ता नव्हता, आणि असता तरी तिथं मुद्दाम कुणी आलं असतं असं नाही. डोंगराच्या पोटाशी चाळीस घरं, वर देवराई, खाली ओढा, आणि सगळ्या गावात मिळून नऊ ठासणीच्या बंदुका. वर्षातून एकदा, शिमग्याच्या आधी, गावची पारध निघायची. त्या पारधीच्या गोळ्या रवळू मेस्त्री ओतायचा.

ठासणीची बंदूक म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. तिला तयार काडतूस चालत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू घालायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी घालायची आणि गजानं ठासायची. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत जनावर पुढच्या डोंगरावर पोचलेलं असतं. म्हणून गोळी खरी हवी. त्यात नऊ बंदुका नऊ हातांनी घडवलेल्या, एकीची गोळी दुसरीला चालायची नाही. रवळूच्या भात्याजवळ भिंतीवर सुतळीला नऊ लोखंडी कड्या टांगलेल्या असायच्या, एकेका बंदुकीची एकेक. साच्यातून निघालेली गोळी तो दोन सपाट दगडांत घोळवून घोळवून कडीच्या मापाला आणायचा. ढकलली तर कडीतून जावी, सोडली तर पडू नये, एवढंच त्याचं माप होतं.

पण मापाला उतरली म्हणजे गोळी खरी ठरली असं नाही. शिसं घाईनं ओतलं किंवा साचा थंड राहिला, तर गोळीच्या पोटात हवा अडकते. वरून ती गुळगुळीत दिसते आणि आतून पोकळ असते. ते ओळखायला रवळूकडे काशाची एक थाळी होती. थाळी जराशी तिरकी करायची आणि गोळी सोडायची. भरीव गोळी सुतासारखी सरळ जाते. पोकळ गोळी एका अंगाला झुकत, डुलत जाते आणि थांबताना मान हलवते. तिला रवळू लंगडी म्हणायचा आणि चिमट्यानं उचलून परत मुशीत, शिसं वितळवायच्या भांड्यात, टाकायचा.

निदान आधी आधी टाकायचा. पुढे पुढे त्याच्या हातून लंगडी गोळी पडेनाशीच झाली. लोक त्याच्या अंगणात बसून थाळीकडे बघायचे आणि माना डोलवायचे. रवळूला ते फार आवडायचं. कौतुक हे आंब्याच्या लोणच्यासारखं आहे, बोटभर चाखलं तर जेवणाला चव येते, वाटीभर खाल्लं तर पोट बिघडतं. रवळूनं वाटीभर खाल्लं. माझ्या मुशीत शिसं दुसऱ्यांदा जात नाही, असं तो चारचौघांत सांगू लागला.

आणि मग ती सकाळ आली. पारधीला निघालेलं सगळं गाव त्याच्या अंगणात उभं होतं. नारबा परब हा गावचा पहिला नेमबाज, शांत माणूस, बोलायला कंजूष. पहिला बार नेहमी त्याचा. त्याच्यासाठी रवळूनं सात गोळ्या ओतल्या होत्या. सहा गोळ्या थाळीतून सरळ गेल्या. सातवी लंगडली.

थोडीशीच लंगडली. कडेला येऊन तिनं हळूच मान हलवली. रवळूनं पाहिलं, आणि त्याचा हात आपोआप तिच्यावर गेला, जसं पोरगं फुटलेल्या वाटीवर पाय ठेवतं. भट्टी थंड झाली होती. पुन्हा ओतायची म्हणजे विस्तव पेटवायचा, सगळ्या गावाला थांबवायचं, आणि माझ्या मुशीत शिसं दुसऱ्यांदा जातं, हे सगळ्या गावादेखत कबूल करायचं. नारबानं विचारलं, "मेस्त्री, बरी मां?"

रवळू थाळी पुसत म्हणाला, "बरी. माझ्या हातची आसा."

नारबानं नेमकी तीच बंदुकीत भरली.

त्या दिवशी सड्यावर, वरच्या कातळाच्या पठारावर, एक सांबर उठलं. मोठं, जुन्या शिंगांचं. नारबानं नेम धरला तो खांद्यामागे, आणि गोळी लागली मागच्या डाव्या पायाला. जनावर तीन पायांवर उडी मारून रानात गेलं. लोकांनी ओढ्यापर्यंत रक्ताचा माग काढला, पुढे तो पाण्यात हरवला. दोन दिवस शोधलं, पण सापडलं नाही.

किंजळवड्याचा नियम कडक होता. जखमी करून सोडलेलं जनावर म्हणजे देवाचा अपराध. ज्याचा बार, त्याची बंदूक देवळात उलटी टेकवायची, आणि जनावर सापडेपर्यंत त्यानं शस्त्राला हात लावायचा नाही. पारधीला यायचं ते रान उठवणाऱ्या हाकाऱ्यांबरोबर, पत्र्याचा डबा बडवत. नारबानं आपल्या हातानं बंदूक नेऊन ठेवली. म्हातारी माणसं म्हणाली की नारबाची नजर गेली. पोरंसोरं त्याच्यामागे डबा वाजवू लागली. रवळू देवळाच्या पायरीवर उभा राहून हे सगळं बघत होता. त्यावेळी एक वाक्य बोलला असता तरी पुरलं असतं. ते त्याच्या जिभेवर आलं होतं आणि त्यानं ते गिळलं.

त्या दिवसापासून त्याच्याकडची प्रत्येक गोष्ट लंगडायला लागली, असं म्हणतात. गोळी ओतली की ती लंगडायची. शिसं बदललं, साचा दिव्याच्या ज्योतीवर धरून गरम केला, तरी लंगडायची. इतकंच काय, अंगणात पोफळीची सुपारी पडली तर ती डुलत डुलत त्याच्या पायाशी यायची आणि मान हलवायची. आता हे कुणी पाहिलं ते विचारू नका. त्याची बायको द्रुपदी मात्र एवढं सांगायची, की तो जेवताना ताट तिरकं करून बघत बसायचा. एकदा ती म्हणाली, "ती भाकरी आसा, घरंगळाची नाय. जेवा." तिला वाटलं तो हसेल. त्यानं ताट सरकवलं आणि उठून गेला.

लाज ही वाईट गोष्ट. चोराला पकडतात तरी, लाजलेल्या माणसाला कुणी पकडत नाही. रवळू नारबाला टाळू लागला. तो पाणवठ्यावर दिसला की हा दुसऱ्या वाटेनं जायचा. नारबा आपला रोजच्यासारखा हात वर करायचा, आणि तो वर केलेला हात रवळूला बंदुकीपेक्षा जड वाटायचा. रोज सकाळी तो ठरवायचा की आज सांगायचं, आणि रोज संध्याकाळी त्याला उद्याचं कारण सापडायचं.

तिकडे रानात ते सांबर मेलं नाही आणि बरंही झालं नाही, असं म्हणतात. लाकडं आणायला गेलेल्या बायकांना ते दिसायचं, तीन पायांवर उभं, चौथा उचललेला. माणसाला बघून ते पळायचं नाही. कुणालातरी शोधत असल्यासारखं बघायचं आणि वळून जायचं.

वर्ष फिरलं. पुन्हा पारधीची सकाळ आली, पुन्हा सगळं गाव रवळूच्या अंगणात जमलं. आठ जणांच्या खांद्याला बंदुका होत्या आणि नारबाच्या हातात डबा होता. रवळूनं थाळी मांडली, गोळी हातात घेतली आणि तिथंच थांबला. सोडली असती तर ती लंगडली असती, सगळ्यांनी पाहिलं असतं. तेवढ्यात गोठ्याजवळची माणसं बाजूला झाली आणि त्यांच्यामधून ते सांबर आत आलं.

भर उन्हात, आठ बंदुकांसमोरून, लंगडत. एकाचाही हात उठला नाही, असं म्हणतात. ते सरळ भात्याजवळ आलं आणि त्यानं तो मागचा डावा पाय रवळूसमोर धरला. रवळूनं चिमटा उचलला. हाच तो लंगड्या गोळ्या उचलायचा चिमटा. त्यानं सुजलेल्या मांसातून गोळी ओढून काढली. जनावर थरथरलं, पण हललं नाही. गोळी थाळीत पडली, ठण् वाजली, चेपलेली असूनही घरंगळली, आणि रवळूच्या बाजूला येऊन तिनं मान हलवली.

आता खरी गोष्ट ऐका. तेवढं होऊनही कुणाला काही कळलं नव्हतं. लोकांच्या लेखी ती नारबाची गोळी होती. आणि नारबानं डबा खाली ठेवला, पुढे आला, सगळ्या गावासमोर सांबराच्या पायाशी डोकं टेकवलं आणि म्हणाला की माझ्या हातून पाप झालं, मला पदरात घे. रवळू अजूनही गप्प राहू शकला असता. त्याचा गुन्हा दुसऱ्यानं आपल्या डोक्यावर घेऊन माफीसुद्धा मागून टाकली होती. त्याला सुटायला याहून सोपी वाट मिळाली नसती.

पण दुसरा माणूस आपल्यासाठी वाकलेला बघणं हे रवळूला सहन झालं नाही. त्यानं छिन्नी घेतली, गोळी दगडावर ठेवली आणि एका घावात दोन तुकडे केले. आत मोहरीच्या दाण्याएवढी पोकळी होती. दोन्ही तुकडे थाळीत ठेवून तो बोलला. 

"नारबाचो नेम चुकूक नाय. ही गोळी माझी. माका ठावक होतां."

कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. नारबा उठला, अंगावरची धूळ झटकली आणि रवळूच्या समोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "मेस्त्री, मी विचारलंय तेव्हा तुमी माझ्या तोंडाकडे बघूक नाय. तेव्हाच माका कळाक व्हया होतां."

एवढंच. तो देवळात गेला, बंदूक खांद्यावर घेतली आणि घरी गेला. त्या वर्षी पारध निघाली नाही. सांबर कधी गेलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. मातीत खुरं उमटली होती ती चारही सारखी, असं म्हणतात. रवळू त्या दिवसापासून डाव्या पायानं लंगडू लागला, तो शेवटपर्यंत. वैद्यानं औषध देऊ केलं तर तो नको म्हणाला. त्याच्या गोळ्या मात्र पुन्हा सरळ जाऊ लागल्या. पण त्यानंतर थाळी त्यानं स्वतः कधी धरली नाही. ज्याची बंदूक, त्याच्याच हातात द्यायची, आणि लंगडली की सगळ्यांदेखत म्हणायचं, चला, पेटवा भट्टी.

आता शिकार बंद झाली आहे, आणि बरंच झालं. नऊ कड्या कुठं गेल्या ते कुणाला माहीत नाही. थाळी मात्र देवळात आहे, आणि तिच्यात गोळीचे दोन तुकडे. शिमग्याच्या आधी एका सकाळी किंजळवडा तिथं जमतो. वर्षभरात आपल्या हातून जे खोटं गेलं आणि आपल्याला ते माहीत होतं, त्यातली एखादी गोष्ट प्रत्येकानं थाळीपुढे आणून ठेवायची. कुंभार तडा लपवलेली घागर आणतो, सुतार आतून कीड लागलेला पाट आणतो. गेल्या साली शाळेच्या मास्तरांनी एक प्रगतिपुस्तक ठेवलं. कुणी काही विचारत नाही. ठेवणाऱ्यानं फक्त रवळूचे शब्द म्हणायचे. ही माझी, एवढं सगळ्यांना जमतं. माका ठावक होतां, हे म्हणायची वेळ आली की माणसांच्या माना आपोआप खाली जातात.

म्हणून थाळीच्या पलीकडे परबांच्या घरचं कुणीतरी उभं असतं. त्याला दुसरं काही काम नसतं. तो थांबतो, आणि बोलणारा मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघेपर्यंत थांबतो.