सातवा पाठ आणि डावा पाय

एका खाडीच्या काठी एक गाव होतं, आणि त्या गावातली माणसं जन्मापासून मरेपर्यंत चिखलाला घाबरत असत.

घाबरण्यासारखंच होतं ते. पलीकडच्या काठावर पेठ होती, वैद्य होता, मीठ होतं. भरतीच्या पाण्याला ओढ इतकी, की होडी टिकत नसे. ओहोटी लागली की खाडी उघडी पडे आणि चालत पलीकडे जाता येई. पण पाऊल कुठे टाकायचं ते ठाऊक हवं. चुकीच्या जागी पाय पडला, तर चिखल माणसाला हळूहळू आत घेई. आणि माणूस अडकलेला असताना भरती परत येई.

म्हणून त्या गावात वाटाड्यांचं विद्यापीठ होतं. तिथे बारा पाठ शिकवत. किती पावलं सरळ, कुठल्या खडकाशी वळायचं, कुठे थांबायचं, सगळं त्या बारा पाठांत होतं. पाठ आले की तांब्याचा बिल्ला मिळे, आणि बिल्ला असेल त्यालाच लोक आपला जीव सोपवत.

परीक्षा मोठी देखणी असायची. विद्यापीठाच्या सभागृहात फरशीवर सगळी खाडी रंगवलेली होती. विद्यार्थ्याने तिच्यावरून पाठ म्हणत चालायचं. फरशी रोज पुसलेली, कोरडी. तिच्यात आजवर कोणी बुडालं नव्हतं.

वर्षातून एकदा पाच आचार्यांचं पाठमंडळ बसे. पाठांत काही बदल हवा का, हे ठरवायला. चिखलाचा वास येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेत. मुख्य आचार्य विचारत, "कोणाला काही सुचवायचंय?" कोणी काही सुचवत नसे. मग फराळ येई. गेल्या वीस वर्षांत एकच सुधारणा झाली होती. पोथीचं लाल फडकं बदलून पिवळं केलं होतं. त्याचंही फार कौतुक झालं होतं.

मुख्य आचार्य वाईट माणूस नव्हते. सातवा पाठ त्यांनीच तरुणपणी बांधला होता, स्वतः चिखलात उतरून, काठीने जागा चाचपून. 'तुटक्या तिवराच्या झाडापाशी थांबावं, डावीकडे वळावं, चाळीस पावलं चालून बगळ्यांचा खडक गाठावा.' त्या पाठाने शेकडो माणसं पलीकडे नेली आणि परत आणली. पण त्याला आता तीस वर्षं झाली होती, आणि गेल्या पंधरा वर्षांत आचार्यांच्या पायाला चिखल लागला नव्हता.

खाडीच्या पायऱ्यांवर एक बाई बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय धुणं हे तिचं काम. वाटाड्यांचे पाय धुवायची, कुर्ल्या-खेकडे पकडून येणाऱ्या बायांचेही धुवायची. पाठ एकही शिकली नव्हती, पण पाय तिला वाचता येत.

काही वर्षांपूर्वी तिच्या लक्षात आलं, की वाटाड्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत भरलेला असतो आणि डावा पोटरीपर्यंत. पुढल्या वर्षी डावा गुडघ्यापर्यंत भरलेला येऊ लागला. डाव्या अंगाने वाट खचत होती. मग एके वर्षी जुन्या वाटाड्यांचे दोन्ही पाय पुन्हा घोट्यापर्यंतच भरलेले दिसू लागले.

तिने एका जुन्या वाटाड्याला विचारलं, "दादा, डावीकडे वळत नाही ना तुम्ही आता?"

त्याने आधी मागे वळून पाहिलं. "हळू बोल बाई. तिवरापासून उजवीकडे घेतो आम्ही. पण आचार्यांना कळलं तर बिल्ला काढून घेतील."

असे सगळे जुने गुपचूप उजवीकडून जात होते. भीतीने कोणी तोंड उघडत नव्हतं. आणि विद्यापीठ नव्या मुलांना डावीकडेच शिकवत होतं.

त्या बाईला एक मुलगा होता. गेल्या वर्षी तो बिल्ला घेऊन पहिल्यांदा एकटा खाडीत उतरला. आईने उजवीकडून जा म्हणून विनवलं होतं, पण नव्या बिल्ल्याने पाठ मोडायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. जाताना त्याने आईच्या हातून पाय धुवून घेतले आणि हसत म्हणाला, "आल्यावर परत धू." तो आलाच नाही. विद्यापीठाने त्याचं नाव वहीत खोडलं आणि पुढे शेरा लिहिला, 'पाठ विसरला.' बाईने तो शेरा वाचून घेतला आणि घरी येऊन दोन दिवस दार लावून बसली.

आता तिची मुलगी परीक्षेला बसणार होती. आई म्हणाली, "नको गं. दुसरं काहीही कर."

मुलगी म्हणाली, "आई, दादाला पाठ येत होता. मला तो लहानपणापासून ऐकवायचा. वहीतला तो शेरा मला सहन होत नाही. मी बिल्ला मिळवणार आणि मग सगळ्यांसमोर विचारणार."

बिल्ला मिळाला की पहिली फेरी एकटीने करायची, हा नियम होता. आणि वाटेत सातवा पाठ आडवा होता. तिला जेवण जाईना. मुलीचे पाय दिसले तरी तिला रडू फुटे.

शेवटी जिवाचा धडा करून ती पाठमंडळाच्या दारात उभी राहिली. खिडक्या बंद होत्या, फराळ चालू होता.

"आचार्य, सातवा पाठ बदला," ती म्हणाली. "तिवराच्या डावीकडे जमीन राहिली नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

जुन्या वाटाड्यांची नावं तिच्या ओठावर आली. पण तिने ती गिळली. "पायांनी सांगितलं," ती म्हणाली.

चार आचार्य गालात हसले. मुख्य आचार्य हसले नाहीत. ते घाबरले होते. त्यांनी ते कोणाला दाखवलं नाही, पण रोज पहाटे त्यांच्या मनात एकच विचार येई. एक पाठ बदलला, तर मुलं विचारतील, उरलेले अकरा तरी खरे कशावरून? आणि आपण तीस वर्षं काय शिकवलं?

"बाई, तुझं काम पाय धुण्याचं," ते म्हणाले. "पाठांचं आम्ही बघू."

"बघा," बाई म्हणाली. "पण कोरड्या फरशीवर नको. माझी मुलगी खाडीत परीक्षा देईल. तिच्या मागून तुम्ही चाला."

दारात गर्दी जमली होती. सगळे आचार्यांकडे पाहत होते. नाही म्हणणं अवघड होतं, कारण नाही म्हणणं म्हणजेच उत्तर देणं होतं. आचार्य म्हणाले, "चालतो."

ओहोटीच्या वेळी दोघं उतरली, मुलगी पुढे, आचार्य मागे. दोघांच्या कमरेला एकच लांब दोर. काठावर अख्खं गाव उभं होतं. जुने वाटाडे मान खाली घालून सगळ्यांच्या मागे उभे होते.

मुलगी पाठ म्हणत चालली. पहिला, दुसरा, तिसरा. सगळे बरोबर निघाले. आचार्यांच्या जिवात जीव आला. सहावा संपला आणि ते तुटक्या तिवरापाशी पोचले. डावीकडचा चिखल आरशासारखा चकाकत होता. त्याच्यावर एकही पक्षी नव्हता.

मुलगी थांबली. "मी डावीकडे जाणार नाही, आचार्य."

"मग तू नापास झालीस."

"करा नापास. मला भीती वाटते."

"तुझा भाऊही इथेच पाठ विसरला," आचार्य म्हणाले. "बघ, पाठ म्हणत चाललं की भ्यायचं कारण नसतं." आणि ते स्वतः डावीकडे वळले.

"एक, दोन, तीन…" त्यांचा आवाज खणखणीत होता. बाराव्या पावलाला घोटा गेला. अठराव्याला गुडघा गेला. ते थांबले नाहीत, मोजत राहिले. थांबणं म्हणजे कबूल करणं होतं. चोविसाव्या पावलाला ते कमरेपर्यंत आत गेले. पंचविसावं पाऊल उचललंच नाही.

मग त्यांना भीती वाटली. सभागृहातली मान जाण्याची भीती केव्हाच मागे पडली होती. ही निराळी होती. खालून कोणीतरी पाय धरून ओढतंय अशी. त्यांनी बारा पाठ मनात भराभर चाळले. अडकल्यावर काय करायचं, हे एकाही पाठात नव्हतं. तसा पाठ कोणी बांधलाच नव्हता. तो बांधायचा म्हणजे आपली वाट चुकू शकते हे मान्य करायचं, आणि ते पाठमंडळाला कधी सुचलं नव्हतं.

आणि तिथे, चिखलात, त्यांना आणखी एक गोष्ट कळली. तो मुलगाही इथेच उभा असेल. तोही मोजतच होता. तो विसरला नव्हता. त्याला सातवा पाठ शब्दन् शब्द आठवत होता.

दूर पाण्याची पहिली रेघ दिसली. भरती लागली होती. काठावर बाई ओरडली, पण इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते.

मुलीने दोर तिवराच्या खोडाला दोन वेढे देऊन आवळला. "आचार्य, उभे राहू नका! पाठीवर आडवे व्हा! हात पसरा!"

"हे कुठल्या पाठात आहे?" ते रडत म्हणाले.

"कुर्ल्या पकडणाऱ्या बायांनी आईला सांगितलंय. आधी आडवे व्हा, मग विचारा!"

ते आडवे झाले. चिखलाने आधी ऐकलं नाही, मग पाय थोडा सोडला. मुलगी वेढा आवळत राहिली, तिचे तळहात सोलून निघाले. पाणी तिच्या घोट्याला लागलं तेव्हा ते सुटले. मुलीने त्यांना उजवीकडच्या टणक जमिनीवर घेतलं आणि मागे वळून न बघता दोघं काठाकडे पळाली. मागे तिवर पाण्यात गेलं.

पायऱ्यांवर आचार्य खाली बसले. छातीपर्यंत चिखल होता. बाई तांब्या घेऊन आली. आधी तिने मुलीचे पाय धुतले. पुन्हा पुन्हा धुतले, चिखल निघून गेल्यावरही. मग आचार्यांच्या पायांवर पाणी ओतलं.

"तुझ्या मुलाला पाठ येत होता," आचार्य म्हणाले.

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाली. "मला नव्यानं सांगू नका. वहीला सांगा."

आचार्यांनी वही तिथेच मागवली. ओल्या हातांनी त्यांनी जुना शेरा खोडला आणि लिहिलं, 'पाठ चोख होता. चूक शिकवणाऱ्यांची.' खाली सही केली. शाई इतकी फुटली, की सही कोणालाच लागेना. म्हणून त्यांनी ती पुन्हा केली.

त्या वर्षापासून पाठमंडळ पायऱ्यांवर बसू लागलं. वाटाडे परत येतात त्या वेळी, पाय धुवायच्या आधी. जुन्या वाटाड्यांना अभय मिळालं, तेव्हा त्यांची तोंडं उघडली. बारा पाठ खाडीत उतरून तपासले. नऊ अजून खरे निघाले, ते तसेच ठेवले. सातवा उजवीकडे वळवला, उरलेले दोन नव्याने बांधले. शिवाय एक नवा तेरावा पाठ जोडला, त्याचं नाव 'अडकल्यावर'. तो त्या मुलीने शिकवला आणि आचार्य पहिल्या रांगेत बसून शिकले.

गाव अजूनही चिखलाला घाबरतं. पण आता वाटाडा परतला की त्याला कोणी बिल्ला विचारत नाही. बाई आधी त्याचा डावा पाय बघते, आणि पाचही आचार्य श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत बसतात.

तात्पर्य: वाट बदलते, म्हणून पाठही वेळोवेळी तपासावा, आणि तपासताना पोथीच्या आधी, ती वाट चालून परत आलेल्यांना विचारावं आणि जे परत आले नाहीत त्यांची आठवण ठेवावी.